लॅपटॉप चालू होत नाही? आधी डेटा वाचवा, लॅपटॉपचं नंतर बघू

मी बोलतोय समुद्रपूरवरून. हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. ऐकताना पायऱ्या लिहून घेता येत नाहीत, अशी बऱ्याच जणांची तक्रार होती, म्हणून हा भाग थोडा नीट मांडून देतोय. सेव्ह करून ठेवा. आज नाही लागला तरी कधी ना कधी लागेल.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, बीटेक झालोय, त्यामुळे गावात कुणाचाही लॅपटॉप बंद पडला की फोन माझ्याकडे येतो. पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "भाऊ, लॅपटॉप चालूच नाही होऊन राहिला." दुसरंही ठरलेलं : "माझं सगळं गेलं ना बाप्पा."

आजचा सगळा भाग या दोन वाक्यांमधल्या अंतराबद्दल आहे. लॅपटॉप चालू न होणं ही एक गोष्ट आणि डेटा जाणं ही दुसरी. आपल्याकडच्या भाषेत सांगतो. गोदामाचं कुलूप गंजलं म्हणून आतला कापूस जळत नाही. पण कुलूप उघडत नाही म्हणून कुणी गोदामच पाडलं, तर मात्र कापूस मातीत जातो. लॅपटॉपचा डेटा बहुतेक वेळा असाच जातो. बिघाडाने कमी आणि बिघाडानंतरच्या घाईने जास्त.

दोन काळे पडदे

हे नीट समजायला दोन खरी प्रकरणं बघू.

पहिलं १९ जुलै २०२४ चं. क्राउडस्ट्राइक नावाच्या अमेरिकन सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक अपडेट सोडलं. त्यातल्या एका फाइलमध्ये चूक होती. ७८ मिनिटांनी त्यांनी ते मागे घेतलं, पण तोपर्यंत मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून पडले होते. चालू करा, निळा पडदा. परत चालू करा, परत निळा पडदा. मुंबई-दिल्लीच्या विमानतळांवर हाताने चेक-इन सुरू झालं, काही ठिकाणी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

आता प्रश्न असा, की या ८५ लाख कॉम्प्युटरमधला डेटा गेला का? नाही. तो होता तिथेच होता. उपाय म्हणजे सेफ मोडमध्ये जायचं, ती एक फाइल पुसायची आणि रीस्टार्ट करायचं. खरी अडचण वेगळीच निघाली. पुष्कळ कॉम्प्युटरवर बिटलॉकरचं कुलूप होतं आणि आत शिरायला ४८ अंकी किल्ली लागत होती. ज्या कंपन्यांकडे त्या किल्ल्या नीट ठेवलेल्या होत्या, त्या लवकर सुटल्या. या बिटलॉकरकडे आपण पुढे परत येऊ, कारण तो आज तुमच्याही लॅपटॉपवर असू शकतो.

दुसरं प्रकरण जून २०१७ चं, आपल्या महाराष्ट्रातलं. न्हावा शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर. तिथलं एक कंटेनर टर्मिनल मर्स्क या डॅनिश कंपनीच्या समूहाकडे होतं. २७ जूनला 'नॉटपेट्या' हा व्हायरस जगभर पसरला, मर्स्कचं जाळं कोसळलं आणि न्हावा शेवाच्या त्या टर्मिनलचं कामही ठप्प झालं. नॉटपेट्याची एक खोड बघा. तो कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा आणि पडद्यावर दाखवायचा, की डिस्क दुरुस्त होतेय, बंद करू नका. दुरुस्ती वगैरे काही चालू नसायची. त्या वेळात तो डिस्कची अनुक्रमणिकाच कुलूपबंद करत असायचा. मग ३०० डॉलर मागायचा. पैसे भरूनही डेटा परत मिळण्याची सोय त्यात नव्हतीच.

मर्स्कने १० दिवसांत सुमारे ४५ हजार कॉम्प्युटर आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे केले. पण कंपनीत कोणाला कुठे प्रवेश आहे, याची नोंदवही ठेवणारे त्यांचे सर्व्हर सगळीकडे पुसले गेले होते. एकच वाचला, आफ्रिकेतल्या घाना देशातला. का वाचला? तर हल्ला झाला तेव्हा तिथे लाइट गेली होती! सर्व्हर बंद होता, नेटवर्कला जोडलेला नव्हता, म्हणून व्हायरस पोचलाच नाही. लाइट गेली म्हणून आपण किती चिडतो, आणि इथे त्याच लाइटने एका जागतिक कंपनीला वाचवलं.

दोन्ही वेळा लोकांसमोर चालू न होणारा कॉम्प्युटरच होता. एकीकडे डेटा सुखरूप, दुसरीकडे संपलेला. बाहेरून बघून कळत नाही. म्हणून पहिला नियम : कळेपर्यंत डिस्कवर काहीही लिहायचं नाही. फॉरमॅट नाही, रीसेट नाही, विंडोज परत टाकणं नाही.

आधी ओळखा, नेमकं काय बंद आहे

मोबाइल हातात घ्या. पडद्यावर काही मेसेज असेल तर फोटो काढा. आवाज येत असेल तर रेकॉर्ड करा. दुकानात गेल्यावर "काहीतरी इंग्रजीत आलं होतं" म्हणण्यापेक्षा फोटो दाखवणं केव्हाही बरं. मग या चारपैकी आपलं कोणतं ते बघा.

एक. काहीच नाही. ना दिवा, ना पंखा. हा वीजपुरवठ्याचा प्रश्न. आधी बोर्ड बदला, एक्स्टेन्शन काढून सरळ भिंतीत लावा. मग चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. याने आत अडकलेला उरलासुरला करंट निघून जातो आणि लॅपटॉपच्या वीजपुरवठ्यावर लक्ष ठेवणारी छोटी चिप नव्याने सुरू होते. नंतर फक्त चार्जर लावून २० मिनिटं थांबा आणि चालू करा. पावसाळ्यात वीज कडाडली, लाइट गेली-आली, की असे फोन मला हमखास येतात आणि पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं. दुसऱ्याचा चार्जर लावून बघणार असाल तर व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. टाइप-सी असेल तर मोबाइलचा चार्जर बहुतेक वेळा पुरत नाही, ४५ किंवा ६५ वॅटचा लागतो.

दोन. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा. अंधारात मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पडद्यावर मारा. पुसट चित्र दिसलं, तर फक्त पडद्यामागचा उजेड गेलाय. घरच्या टीव्हीला एचडीएमआय केबलने जोडून बघा. टीव्हीवर विंडोज दिसलं तर विषयच संपला, पेन ड्राइव्ह लावा आणि डेटा कॉपी करून घ्या. टीव्हीवरही काही नाही आणि बीप-बीप आवाज येतोय, तर रॅमचा संशय. रॅम गेली तरी डिस्कला काही होत नाही.

तीन. कंपनीचा लोगो येतो, गोल-गोल फिरतं, पण विंडोज येत नाही. निळा पडदा, किंवा 'ऑटोमॅटिक रिपेअर' करत तिथेच अडकतं. बहुतेक वेळा हा सॉफ्टवेअरचा बिघाड, म्हणजे क्राउडस्ट्राइकसारखा. डेटा असण्याची शक्यता चांगली.

चार. 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असा मेसेज येतो, किंवा आतून टक-टक आवाज येतो. इथे प्रश्न डिस्कचाच आहे. इथे सावध व्हा, याचं वेगळं सांगतो.

आणि पाणी, चहा सांडला असेल तर यातलं काहीच करू नका. ताबडतोब बंद करा, चार्जर काढा, चालू होतो का म्हणून बघूही नका. तांदळाच्या डब्यात ठेवून आतलं गंजणं थांबत नाही. सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि काय सांडलं ते खरं सांगा.

विंडोजशिवाय आत शिरायचं

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो, म्हणून एक प्रसंग सांगतो. आमच्या तालुक्यातल्याच एका गावातल्या ताई बचत गटाचे हिशेब लॅपटॉपवर ठेवतात. बारा बायकांची तीन वर्षांची बचत, कुणाचं कर्ज किती, कुणाचा हप्ता बाकी, सगळं एक्सेलमध्ये. बँकेत कर्जाचं प्रकरण होतं आणि आठवड्यावर तारीख आली असताना लॅपटॉप 'ऑटोमॅटिक रिपेअर'वर अडकला. दुकानात नेला, तर उत्तर मिळालं, "फॉरमॅट मारावा लागेल, उद्या घेऊन जा." ताईंनी विचारलं, "मग हिशेब?" तर "ते जाईल." ताईंनी लॅपटॉप परत पिशवीत टाकला आणि मला फोन केला. ही एकच गोष्ट त्यांनी बरोबर केली आणि तिनेच सगळं वाचवलं.

काम काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही करता येईल. विंडोज आजारी आहे ना, मग विंडोजला झोपू द्यायचं आणि पेन ड्राइव्हवरून दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालवायची. उबुंटू फुकट मिळतं. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाईल, म्हणून रिकामाच घ्या. मित्राच्या कॉम्प्युटरवर रूफस नावाचं सॉफ्टवेअर वापरून त्यावर उबुंटू चढवा. घरात दुसरा कॉम्प्युटरच नसेल तर अँड्रॉइडवर एचड्रॉइड नावाचं अ‍ॅप आहे. ओटीजी लावून मोबाइलवरूनच पेन ड्राइव्ह तयार होतो. डाउनलोड पाच-सहा जीबीचं आहे, तेवढा नेटपॅक बघून घ्या.

मग तो पेन ड्राइव्ह बंद लॅपटॉपला लावा. चालू करताना लगेच बूट मेन्यूचं बटण टकटक दाबत राहा. डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९, आसुसवर एस्केप. यादीतून पेन ड्राइव्ह निवडा. पुढे 'ट्राय' आणि 'इन्स्टॉल' असे दोन पर्याय येतात. 'ट्राय'च निवडायचं. इन्स्टॉल दाबलं तर आपणच गोदाम पाडायला घेतलं, असं समजा.

आत गेल्यावर आपली डिस्क फोल्डरसारखी दिसते. त्यात 'यूजर्स', त्यात तुमचं नाव, त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स. दुकानाचे हिशेब टॅलीप्राइमवर असतील तर बहुधा 'यूजर्स'मधल्या 'पब्लिक' फोल्डरमध्ये टॅलीप्राइम आणि त्यात 'डेटा' असं सापडेल. दुसरा पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क लावा आणि कॉपी करा. कट नाही, कॉपी. झाल्यावर दोन-चार फाइली उघडून बघा.

४८ अंकांची किल्ली कुणाकडे आहे?

ताईंच्या लॅपटॉपवर मी डिस्क उघडायला गेलो आणि तिने किल्ली मागितली. बिटलॉकर! ताई म्हणाल्या, "मी तर कधी कुलूप लावलंच नाही." त्यांचंही खरं होतं. हल्लीच्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप सेट केला, की बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. विंडोज ११ ची २०२४ ची आवृत्ती नव्याने टाकली, तर होम एडिशनवरही हे होतं. चोराने लॅपटॉप नेला तरी डेटा वाचता येऊ नये, म्हणून हे चांगलंच आहे. पण किल्ली त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. आता सांगा, लॅपटॉप घेताना तो सेट कोणी करून दिला होता?

बरोबर. विकणाऱ्याने, स्वतःचा ईमेल टाकून.

ताईंनी बिल शोधलं, त्यावरच्या नंबरवर फोन लावला. त्या माणसाने त्याच्या अकाउंटमध्ये बघितलं. यादीत बऱ्याच लॅपटॉपच्या किल्ल्या होत्या. प्रत्येक किल्लीला एक ओळख क्रमांक असतो. लॅपटॉपच्या निळ्या पडद्यावर दिसणाऱ्या क्रमांकाची पहिली ८ अक्षरं यादीतल्या क्रमांकाशी जुळवली आणि किल्ली सापडली. हिशेब निघाला, प्रकरण बँकेत वेळेवर गेलं. तो माणूस दुकान बंद करून गेला असता, तर? त्या ४८ अंकांशिवाय मी काय, जगातला कुणीही ती डिस्क उघडू शकला नसता.

म्हणून आजच, लॅपटॉप चालू असतानाच, हे करा. मोबाइलच्या ब्राउजरमध्ये तुमचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट उघडा, डिव्हाइसेसमध्ये तुमचा लॅपटॉप आणि त्याची रिकव्हरी की दिसते का बघा. दिसली तर वहीत लिहून ठेवा. हो, कागदी वहीत. दिसली नाही, तर लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का बघा, आणि लॅपटॉपवर अकाउंट कुणाचं आहे तेही. दुसऱ्याचं असेल तर बदलून स्वतःचं करा.

लॅपटॉप खरंच मेला असेल तर

मदरबोर्डच जळला तर उबुंटूही चालणार नाही. पण डिस्क वेगळी निघत असेल तर डेटा तिच्याबरोबर बाहेर येतो. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा डिस्क असते, नव्यात च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम-डॉट-टू. दोन्हींसाठी यूएसबी एन्क्लोजर मिळतात. साटाचं काहीशे रुपयांत, एम-डॉट-टूचं थोडं महाग. एम-डॉट-टूमध्येही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत, म्हणून घेण्याआधी डिस्कवरच्या लेबलचा फोटो दुकानदाराला दाखवा. डिस्क त्यात घालायची आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्हसारखी लावायची. तिथे 'ही डिस्क फॉरमॅट करायची का?' असं विचारलं, तर उत्तर 'नाही'.

काही स्वस्त छोट्या लॅपटॉपमध्ये आणि अ‍ॅपलच्या नव्या मॅकबुकमध्ये स्टोरेज मदरबोर्डलाच चिकटवलेलं असतं. तिथे डिस्क निघत नाही, आधी बोर्ड जिवंत करावा लागतो. असा लॅपटॉप असेल तर बॅकअपला पर्याय नाही.

टक-टक आवाज आणि पुसलेल्या फाइली

आता तो चौथा प्रकार. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते आणि तिच्यावरून काही नॅनोमीटर अंतरावर वाचणारी सुई तरंगते. आपल्या केसाची जाडी काही दहा हजार नॅनोमीटर, यावरून समजा ते अंतर किती कमी आहे. टक-टक आवाज म्हणजे सुईला जागा सापडत नाहीये. प्रत्येक वेळी चालू केलं की ओरखडा पडण्याची भीती. म्हणून बंद करा आणि बंदच ठेवा. चेकडिस्क चालवू नका, घरी खोलू नका, फ्रीजरमध्ये ठेवायचे व्हिडिओ बघून तसले प्रयोग करू नका. धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडेच न्या. खर्च काही हजारांत जातो, तेव्हा आधी अंदाज लेखी घ्या.

आवाज नाही, पण डिस्क फारच हळू चालतेय? मग एकेक फाइल ओढत बसण्यापेक्षा आधी अख्ख्या डिस्कची प्रत काढायची. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचं साधन आहे. ते चांगला भाग आधी उचलतं आणि खराब भागाकडे नंतर वळतं. मग पुढचं सगळं काम त्या प्रतीवर.

फाइल चुकून पुसली किंवा कुणी फॉरमॅट मारूनच दिला, तर दोन शक्यता. हार्ड डिस्क असेल तर पुसल्यावर फक्त अनुक्रमणिकेतून नाव जातं, मजकूर त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत राहतो. फोटोरेक आणि टेस्टडिस्क ही फुकट साधनं तो शोधून काढतात. मात्र ती त्याच डिस्कवर इन्स्टॉल करू नका. एसएसडी असेल तर गोष्ट वेगळी. विंडोज तिला लगेच कळवतं, की ही जागा आता नको आहे, आणि एसएसडी ती सवडीने आतून साफ करून टाकते. याला ट्रिम म्हणतात. एकदा साफ झालं की कुठलंच सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. "फॉरमॅट मारू, मग रिकव्हर करू" असं कुणी म्हणालं आणि तुमच्याकडे एसएसडी असेल, तर लॅपटॉप उचला आणि निघा.

दुकानात काय बोलायचं

हिंगणघाटला न्या की नागपूरला, देताना पावतीवर लिहून घ्या : "डेटा हवा आहे. विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये." काम फक्त पडद्याचं किंवा कीबोर्डचं असेल आणि डिस्क सहज निघत असेल, तर ती काढून स्वतःकडे ठेवा. फोटो, आधार, बँकेचे कागद सगळं तिच्यात असतं. विंडोज रीसेट करायची वेळ आलीच, तर 'माझ्या फाइली ठेवा' आणि 'सगळं काढून टाका' हे दोन पर्याय नीट वाचा. पहिला निवडणार असाल तरी आधी डेटाची प्रत बाहेर काढलेली असू द्या.

शेवटचं आणि सगळ्यात स्वस्त

घानाचा सर्व्हर आठवा. तो वाचला कारण तो जोडलेला नव्हता. तुमचा बॅकअपही तसाच हवा. लॅपटॉपला कायम लावून ठेवलेली हार्ड डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, कारण वीज कडाडली किंवा व्हायरस आला तर दोन्ही एकदम जातील. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती ठेवा. एक लॅपटॉपमध्ये, एक काढून कपाटात ठेवलेल्या डिस्कवर, एक ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या घरी. सगळा लॅपटॉप कॉपी करायची गरज नाही. प्रोजेक्ट, मार्कशीट, हिशेब, सातबारा, घरच्यांचे फोटो, हे बहुतेकांचं एका पेन ड्राइव्हमध्ये मावतं.

त्या ताई आता दर महिन्याला गटाची बैठक झाली की हिशेबाची फाइल पेन ड्राइव्हवर घेतात आणि पेन ड्राइव्ह गटाच्या अध्यक्षांकडे देतात. ना क्लाउड, ना खर्च. आणि ४८ अंकांची किल्ली गटाच्या ठराव-वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेली आहे.

तुमच्या लॅपटॉपची किल्ली कुठे आहे, ते आज रात्री झोपायच्या आधी बघून घ्या. काही अडलं तर पडद्याचा फोटो काढून पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. तोवर काळजी घ्या, आणि फॉरमॅटच्या बटणापासून हात लांब ठेवा!